आर्डिस फ्रेमस्टाडचा राग

आमच्या खोऱ्यात माणसाच्या तोंडाबद्दल बोलायची रीत नाही. कुणाचा पाय मोडला तर बर्फ फार निसरडा झालाय म्हणतात, कुणाचं घर जळलं तर दुसऱ्या दिवशी गुपचूप दारात खाण्याचं भांडं ठेवून येतात, आणि कुणाचा चेहरा बदलला तर हवापाण्याचा विषय काढतात. आमचे पणजे नॉर्वेहून विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत आले, तेव्हा सामानातली ही एकच वस्तू धडपणे पोचली असावी. सभ्यपणा म्हणतात त्याला. आर्डिसची हकिगत आठवली की या सभ्यपणाला चूल दाखवावीशी वाटते.

आर्डिस उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला काटकसरी. तिचा नवरा सेल्मर तिच्याहून काटकसरी. मूलबाळ नव्हतं. गायी होत्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळ-संध्याकाळ गोठ्यात असायची. डावीकडची रांग तिची, उजवीकडची त्याची. गायींची नावं ती ठेवायची, आणि चर्चच्या गायनमंडळातल्या बायकांवरून ठेवायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यात लठ्ठ, आळशी आणि शेपटी मारण्यात पटाईत गाईचं नाव मर्ना. चर्चमध्ये खऱ्या मर्ना हाल्वर्सनने वरचा सूर लावला की आर्डिस मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, केवढी भाविक बाई!

शहाऐंशी साली सरकारने दुधाचा पूर कमी करायला गोठेच्या गोठे विकत घ्यायची योजना काढली. सेल्मरचे गुडघे गेले होते. त्याने आर्डिसला न विचारता अर्ज केला, आणि तो मंजूर झाल्यावर एका सकाळी कॉफी पिताना सांगितलं.

"गायी जाणार."

"कुठं?"

"योजनेत. कापायला."

"बरं," आर्डिस म्हणाली आणि कप धुवायला उठली. सत्तावीस वर्षांच्या संसारातलं त्यांचं सगळ्यात मोठं भांडण एवढंच.

नियमाप्रमाणे प्रत्येक गाईच्या गालावर फुलीचा डाग दिला गेला, म्हणजे ती पुन्हा दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात जायला नको. ट्रक यायचा होता त्या सकाळी आर्डिसने एकेकीची कास कोमट पाण्याने धुतली. दूध कुणाला नको होतं तरी धुतली. ट्रक वळणाआड गेला तशी ती घरात गेली आणि पाव भाजायला लागली.

राग आला होता. फार आला होता. पूर्ण उन्हाळाभर ती कामापुरतंच बोलली. पण आधीही ती कामापुरतंच बोलायची, त्यामुळे सेल्मरला ते कळायलाच कित्येक आठवडे लागले. मग एक दिवस ती अंडी आणायला निघाली असताना तिला गोठ्यात खरवडल्याचा आवाज आला. आत सेल्मर फावडं घेऊन शेणाचं गटार साफ करत होता. गटारात काही नव्हतं. सिमेंट कोरडं ठणठणीत होतं आणि तो गडी घाम गाळत ते खरवडत होता. त्या दारात आर्डिसचा राग गेला. कायमचा गेला. ती घरात आली आणि तिने त्याच्या आवडीची आंबट सायीची लापशी केली, वर लोणी आणि दालचिनी घालून. आमच्याकडे माफ केलं असं तोंडाने म्हणत नाहीत, लापशी करतात.

पण राग उतरला त्याच सुमाराला तिचे डोळे चढायला लागले.

आधी नुसतं उकडायला लागलं. ऑक्टोबरात ती खिडक्या उघडायची आणि सेल्मर स्वेटरवर कोट घालून जेवायचा. जेवण दुप्पट आणि अंग निम्मं. कपडे अंगावर लोंबायला लागले. कपबशी हातात किणकिणायची. छातीत धडधड व्हायची. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, सारखं पाणी यायला लागलं, पापण्या सुजल्या. आणि वरची पापणी हळूहळू मागे सरकत गेली, इतकी की बुबुळाच्या वरचंही पांढरं दिसायला लागलं. डोळे पुढे आले. आरशात रोज बघणाऱ्याला असलं काही एकदम कळत नाही. तिला वाटलं, वाळलेय म्हणून डोळे मोठे दिसतात.

टेबलापलीकडच्या सेल्मरला मात्र दिसत होतं की बायको टक लावून, डोळे वटारून आपल्याकडे बघतेय. लापशी वाढताना बघतेय, मीठ देताना बघतेय. रात्री जाग आली तर झोपेतही तिचे डोळे अर्धे उघडे. त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि त्याने ती तिच्या डोळ्यांत वाचली. त्याने आपलं अंथरूण खालच्या खोलीत नेलं. सकाळची कॉफी तो कप उचलून गोठ्यात नेऊन प्यायला लागला.

आर्डिसला वाटलं, आपलं तोंड बघवत नाही त्याला. आणि दोघांपैकी एकानेही विचारलं नाही! एक प्रश्न. "काय गं, रागावलीस?" एवढं. पण नाही.

गावाने तरी विचारायचं. नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात सगळ्या बायका लेफ्से करायला जमल्या. बटाट्याची ही पातळ पोळी आर्डिसएवढी पातळ कुणाला लाटता यायची नाही. मोठ्या तव्यावरची पोळी लांब काठीने उलटायचं मानाचं काम तिच्याकडे असायचं. त्या दिवशी तिला तव्यावर दोन पोळ्या दिसल्या, एकीवर एक तिरकी. तिने काठी घातली ती नसलेल्या पोळीखाली. दुसऱ्यांदा घातली तेव्हा पोळी तव्याबाहेर, जमिनीवर.

तळघरात बाराएक बायका, सगळ्यांनी तिचे डोळे कित्येक आठवडे पाहिलेले.

"जमीन स्वच्छच आहे म्हणा," एकजण म्हणाली.

"तवा जरा जास्तच तापलाय," दुसरी म्हणाली.

मर्ना हाल्वर्सनने काठी अलगद तिच्या हातातून घेतली. "आर्डिस, तू बस गं जरा. कॉफी घेतेस? वारा काय सुटलाय आज!"

त्यानंतर फ्रेमस्टाडांच्या दारात खाण्याची भांडी यायला लागली. नूडल्स आणि कोंबडी, बटाटे आणि चीज. गावाने ठरवून टाकलं होतं की त्या घरात नवराबायकोचं बिनसलंय. आर्डिस भांडी घासून परत करायची आणि विचार करत बसायची की आपल्याकडे कोण मेलंय.

शेवटी विचारलं ते तिच्या धाकट्या बहिणीने. लव्हॉन लग्न करून ॲरिझोनात गेली होती आणि तिथल्या उन्हात तिचं सगळं वळण वितळलं होतं. वसंतात माहेरपणाला म्हणून आली, गाडीतून उतरली आणि फाटकातच ओरडली, "अगं बाई! आर्डिस, तुझ्या डोळ्यांना काय झालं?"

"काही नाही. वारा—"

"वारा गेला खड्ड्यात! खाऊ की गिळू असे डोळे झालेत तुझे. सेल्मर, तुला दिसत नाही का रे?"

सेल्मरने पाइप तोंडातून काढला, आर्डिसकडे पाहिलं, आणि पुन्हा तोंडात घातला. त्याला दिसतच होतं.

लव्हॉनने दुसऱ्याच आठवड्यात तिला ला क्रॉस शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर वायसमन बाई बाहेरून आलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासलं, एक पट्टी लावून डोळे किती पुढे आलेत ते मोजलं.

"हे मूळ डोळ्यांचं दुखणं नाही, मिसेस फ्रेमस्टाड. थायरॉइडचं आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते ना, ती चुकून आपल्याच माणसांवर उलटते. तुमची उलटलीय. आधी गळ्यातल्या ग्रंथीवर, आणि मग डोळ्यांमागच्या स्नायूंवर आणि चरबीवर. ते सुजतात. डोळ्याची खोबण हाडाची, तिला काही फुगता येत नाही. मग डोळा पुढं ढकलला जातो. स्नायू आखडले की एकाचे दोन दिसतात. आणि पापणी वर ओढली जाते."

आर्डिसने बोटाने आपली पापणी चाचपून बघितली.

"लोक तुम्हाला विचारतात का हो, की तुम्ही रागावलाय का म्हणून? या आजारात चेहरा तसा दिसतो. माझ्या निम्म्या पेशंटांची घरी हीच रड असते."

"आमच्याकडे कुणी काही विचारत नाही," आर्डिस म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं. खालच्या खोलीतलं अंथरूण. गोठ्यात जाणारा कप.

"मग ही पापणी खाली आणा," ती म्हणाली. "आत्ता."

"आत्ता नाही. गळ्याचं गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण डोळे त्यांच्या मर्जीने चालतात. सूज पूर्ण निवली पाहिजे. आज शिवलं तर उद्या पुन्हा बिघडेल. वर्ष लागेल, कदाचित जास्त. तोवर थेंब घाला, झोपताना पापण्यांवर चिकटपट्टी लावा. आणि धुराजवळ जाऊ नका. घरात कुणी सिगारेट, पाइप ओढतं का?"

"पाइप. नवरा."

"बंद. धूर म्हणजे या डोळ्यांचा वैरी."

परतताना आर्डिस एका डोळ्यावर तळहात ठेवून बसली होती आणि सेल्मरला सांगायची वाक्यं मनात जुळवत होती. तिला वाक्यांची सवय नव्हती. घरी पोचली तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं. जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते, "पाइप बाहेर जाऊन ओढ."

सेल्मर उठला. टोपी घातली. बाहेर गेला.

"अगं, कारण तरी सांग त्याला!" लव्हॉन कपाळावर हात मारून म्हणाली. "तुम्ही माणसं आहात की कुंपणाचे खांब?"

रात्रीच्या जेवणाला आर्डिसने सांगितलं. ताटाकडे बघत, पण सगळं सांगितलं. आजार आहे, नाव काय आहे, पापणी ओढली जाते. "माझा तुझ्यावर राग नाही, सेल्मर. दिसतो, पण नाही."

सेल्मरने ताटातून मान वर केली. "गायींचा?"

"होता. उन्हाळाभर. मग गेला."

"बरं," सेल्मर म्हणाला. त्याने दोनदा वाढून घेतलं. त्या रात्री तो जिना चढून वर आला आणि आपल्या जुन्या बाजूला झोपला. आर्डिसला पापण्यांच्या पट्ट्यांखाली रडू आलं, आणि पट्ट्या सुटून आल्या.

सकाळी ती खाली आली. सेल्मर टेबलाशी होता. त्याने वर पाहिलं, त्याचा चेहरा पडला, आणि तो कप उचलून गोठ्याकडे गेला.

तिला वाटलं, विश्वास बसला नाही त्याचा. लव्हॉन परत गेल्यावर तिने पुन्हा सांगितलं, या वेळी जास्त नीट. पुन्हा तो "बरं" म्हणाला, पुन्हा दोन घास जास्त जेवला, आणि सकाळी पुन्हा कप घेऊन गेला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाला, "अगं, मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

आर्डिस वाढता वाढता थांबली.

मग मागचं सगळंच उलगडत गेलं. एकदा स्वतःची गाडी पेंडीच्या गिरणीपाशी सोडून तो चालत घरी आला होता, ते तो म्हणाला तसं गुडघ्यांना व्यायाम म्हणून नव्हे. त्याने शेजाऱ्याला शेजाऱ्याच्याच मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारली होती. त्याचा मेंदू झिजत चालला होता आणि ती सगळं आपल्या तोंडावर घेत बसली होती. आता सांगितलेलं संध्याकाळी पोचायचं आणि सकाळपर्यंत पुसलं जायचं. तोंड मात्र रोज नव्याने दिसायचं. ती दिवसातून दहादा म्हणाली असती की राग नाही. डोळे अकराव्यांदा आहे म्हणून सांगत होते.

एकदा ती काळा चष्मा लावून बसली. सेल्मरने हात पुढे करून तो हळूच काढला, आत बघितलं, आणि चोरी सापडलेल्या माणसासारखी मान खाली घातली.

पुढच्या हिवाळ्यात तो स्वेटरशिवाय बर्फात सापडला. मग त्याला गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. आर्डिस रोज दुपारी जायची, खिडकीपाशी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसायची. तो तिला ओळखायचा. ओळखायचा म्हणूनच आक्रसायचा. कधी नर्सला हळूच विचारायचा, "ती गेली का?"

आर्डिसला आता एकच गोष्ट हवी होती. सेल्मरला तिच्या तोंडावर राग नसलेला दिसायला हवा होता, त्याला दिसतंय तोवर. बाकी डोळे दुखोत, एकाचे चार दिसोत, तिची तक्रार नव्हती. ती दर खेपेला डॉक्टर वायसमनना विचारायची, "निवली का?" आणि त्या पट्टीने मोजून म्हणायच्या, "अजून नाही."

निवली एकदाची. आधी डोळ्यांमागचं थोडं हाड काढून जागा केली. चेहरा काळानिळा झाला, आठवडेच्या आठवडे सुजून राहिला. मग बरंच थांबून पापण्या खाली आणल्या. चर्चच्या तळघरात कुजबुज झाली. म्हातारपणी तोंड रंगवून घ्यायला निघाली, नवरा तिकडं पडलाय आणि! मर्ना हाल्वर्सन कॉफी ओतता ओतता तिला म्हणाली, "ऑपरेशन म्हणे... वेगळंच आहे, नाही का?" आमच्याकडे ‘वेगळंच आहे’ याहून जहाल शिवी नाही. आर्डिस म्हणाली, "वारा आहे आज."

टाके काढल्यावर डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला. आर्डिस बघत राहिली. एक दमलेली, वाळलेली, साधी बाई बघत होती. तिच्या डोळ्यांत कुणाबद्दल काही वाकडं नव्हतं. आर्डिसने आरसा मांडीवर पालथा ठेवला आणि विचारलं, "गाडी चालवू ना आता?"

ती घरी गेलीच नाही. केस नीट केले आणि थेट शुश्रूषागृहात गेली. चेहरा दाखवायला म्हणून तिने कोट दाराशीच काढला. सेल्मर खिडकीपाशी होता. ती जाऊन समोर बसली आणि पुढे झुकली.

सेल्मरने तिच्याकडे पाहिलं. मान खाली घातली नाही. तो हसला. तीन वर्षांत तो तिच्याकडे बघून हसला नव्हता.

"या, बाई," तो म्हणाला. "नव्या दिसता तुम्ही इथं."

"सेल्मर, मी आर्डिस," ती म्हणाली.

"आर्डिस माझी बायको," तो म्हणाला. "तीही येते. रोज येते हं, चुकत नाही." त्याने दाराकडे बघून आवाज बारीक केला. "रागावलीय माझ्यावर."

"कशावरून?"

"नुसती बघते. मी तिला न विचारता तिच्या गायी घालवल्या. त्यांच्या गालांवर फुल्या मारल्या हो! आणि तिने त्यांना आंघोळी घातल्या त्या दिवशी. मी खिडकीतून बघत होतो." त्याने ओठ पुसले. "विचारायला हवं होतं मी. ती नाही म्हणेल याची भीती वाटली. तुमचे डोळे चांगले आहेत, बाई, म्हणून तुम्हाला सांगतो."

"तिलाच सांगा ना हे."

"हिंमत होत नाही. ती बघायला लागली की शब्द फुटत नाही. तुम्ही सांगाल?"

"सांगते," आर्डिस म्हणाली.

"काय सांगाल?"

"सेल्मरला वाईट वाटतं, म्हणून सांगेन. ती म्हणेल, कधीच माफ केलंय."

सेल्मरने मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, पण बाई परकी, तिला काय ठाऊक, असा भाव त्याच्या तोंडावर होता. ती त्याचा हात धरायला गेली, तर त्याने तो सभ्यपणे मागे घेतला. मग घड्याळाकडे बघून तो चुळबुळायला लागला.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही बसलात ना, ती तिची खुर्ची आहे. यायची वेळ झाली तिची. दुसऱ्या कुणाला इथं बघितलं तर आणखी वाईट वाटेल तिला."

आर्डिस उठली. खुर्चीची उशी हाताने सारखी केली, जशी बाहेर पडताना रोज करायची. बाजूला भिंतीशी एक स्टूल होतं, ते तिने ओढून घेतलं.

"इथं बसू?"

"बसा की," सेल्मर म्हणाला. "येईलच ती."

आणि मग दोघं दाराकडे तोंड करून तिची वाट बघत बसली.